पिझ्झ्यावर अननस ठेवणारा माणूस ना हवाईचा होता, ना इटलीचा!

चार मित्र पिझ्झा मागवायला बसले की वाद ठरलेला. एकाला भरपूर चीज हवं असतं, दुसऱ्याला पनीर आणि सिमला मिरची, तिसरा म्हणतो मका तरी टाका रे. आणि मग चौथा हळूच विचारतो, 'अननसवाला मागवायचा का?' पुढे त्या चौथ्याचं काय होतं, हे मीम्स बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

या वादात एका देशाचे राष्ट्राध्यक्षही पडलेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये आइसलँडचे तेव्हाचे अध्यक्ष गुडनी योहानेसन एका शाळेत गेले होते. तिथल्या मुलांशी गप्पा मारताना ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर पिझ्झ्यावरच्या अननसावर बंदीच घातली असती. झालं! बातमी जगभर फिरली. शेवटी त्यांना फेसबुकवर खुलासा करावा लागला की, मला अननस आवडतो, फक्त पिझ्झ्यावर नको, आणि असे कायदे करायचा अधिकार मला नाही हे बरंच आहे. जाता जाता त्यांनी पिझ्झ्यावर मासे घालून खाण्याचा सल्लाही दिला. (मासेमारीवर जगणाऱ्या देशाचा अध्यक्ष आणखी काय सांगणार!)

तेव्हा अननसाच्या बाजूने उभे राहिले कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो. कॅनडाचा काय संबंध? तर हा 'हवाईयन' पिझ्झा जन्मला कॅनडातच.

सॅम पॅनोपोलोस हा मूळचा ग्रीसचा. १९५४ साली, विशीत असताना तो बोटीने कॅनडाला निघाला. वाटेत बोट इटलीतल्या नेपल्सला थांबली आणि तिथे त्याने पहिल्यांदा पिझ्झा पाहिला. पुढे ऑन्टॅरिओ प्रांतातल्या चॅटहॅम नावाच्या गावात त्याने भावांसोबत रेस्टॉरंट चालवायला घेतलं. बर्गर होते, चिनी पदार्थ होते, नंतर पिझ्झाही आला. चिनी पदार्थांमुळे आंबटगोड चव तिथल्या गिऱ्हाइकांच्या ओळखीची झाली होती. १९६२ मध्ये एके दिवशी, बघू तरी काय होतं म्हणून, त्याने डब्यातला अननस पिझ्झ्यावर टाकला. अननसाच्या डब्यावर 'हवाईयन' असं ब्रँडचं नाव होतं, तेच पिझ्झ्याला चिकटलं. म्हणजे माणूस ग्रीक, गाव कॅनडातलं, पदार्थ इटलीचा आणि नाव हवाईचं. सॅम जून २०१७ मध्ये गेला, म्हणजे आइसलँडचं ते प्रकरण गाजल्यानंतर चारच महिन्यांनी.

आता अननसविरोधी गटाचा मुख्य मुद्दा बघू. 'हे परकं फळ आहे, खऱ्या इटालियन पिझ्झ्यात याचं काय काम?'

मुद्दा ऐकायला भारी वाटतो, पण त्याच न्यायाने टोमॅटोही काढून टाकावा लागेल. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसनंतर, सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. अननसही तिकडचाच. सुरुवातीला युरोपात कित्येकांना टोमॅटो विषारी वाटायचा, तो शोभेचं झाड म्हणून लावला जायचा. नेपल्सच्या गरीब वस्त्यांत पोळीसारख्या पावावर तो बसला तो पुढे अठराव्या शतकाच्या आसपास. त्याआधी त्यावर लसूण, चरबी, मीठ, कधी छोटे मासे असायचे. रस्त्यावर उभ्या उभ्या खायचं, स्वस्त आणि पोटभरीचं खाणं होतं ते. वडापावच म्हणा ना.

'मार्गेरिटा'ची गोष्ट तुम्ही वाचली असेल. १८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिटा नेपल्सला आली, राफाएल एस्पोझितो या पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीतल्या बेझिलने इटलीच्या झेंड्याचे तीन रंग साधले आणि पिझ्झ्याला राणीचं नाव मिळालं. गोष्ट गोड आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे. पुरावा म्हणून दाखवलं जाणारं राजवाड्याचं पत्र त्यांना खरं वाटत नाही आणि या तीन वस्तू घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये त्याआधीही खाल्ला जात होता.

नेपल्सवाले मात्र आपल्या पिझ्झ्याबाबत कमालीचे काटेकोर. १९८४ मध्ये त्यांनी त्यासाठी संघटनाच काढली. पिझ्झा ३५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, कड एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली हवी, पीठ हातानेच पसरायचं, लाटणं चालणार नाही. लाकडाच्या भट्टीत साधारण ४८५ अंश सेल्सियसला तो ६० ते ९० सेकंदांत तयार व्हायला हवा. हे कौशल्य २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही गेलं. घरच्या ओव्हनमध्ये तसा पिझ्झा का होत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. आपला ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो. पिझ्झा आत बराच वेळ राहतो, पाणी उडून जातं आणि बेसची खारी होते.

हीच भट्टीची अडचण अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांसमोर होती, पण त्यांनी जे हाताशी होतं त्यात भागवलं. न्यूयॉर्कमध्ये कोळशाच्या भट्ट्या होत्या. तिथे पिझ्झा मोठा, पातळ आणि जरा कडक झाला. आज तिथे लोक त्याचा तुकडा मधोमध दुमडून चालता चालता खातात. शिकागोत १९४३ पासून खोलगट भांड्यातला जाडजूड पिझ्झा सुरू झाला. तो भाजायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. इतक्या वेळात वर ठेवलेलं चीज जळेल, म्हणून तिथे चीज खाली आणि टोमॅटो वर.

माझा आवडता किस्सा डेट्रॉइटचा. हे मोटारगाड्यांच्या कारखान्यांचं शहर. कारखान्यात सुटे भाग ठेवायला जाड लोखंडी पत्र्याचे चौकोनी ट्रे असायचे. १९४६ च्या सुमारास तिथल्या एका बारमध्ये तसल्या ट्रेमध्ये पिझ्झा भाजायला लागले. चीज थेट कडेपर्यंत पसरलेलं, त्यामुळे ट्रेच्या भिंतीला लागून ते खरपूस होतं. घरी भांड्याच्या तळाची खरवड कुणी खायची यावरून भांडणं होतात ना, अगदी तसा या पिझ्झ्याच्या कोपऱ्यांना भाव असतो.

आणि पेपरोनी? अमेरिकेत सगळ्यात लोकप्रिय असलेलं हे टॉपिंग इटलीतून आलेलंच नाही. गोमांस आणि डुकराच्या मांसाचं हे मसालेदार सॉसेज अमेरिकेतल्या इटालियन लोकांनी घडवलं. इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे चक्क ढोबळी मिरची! तिथे जाऊन पेपरोनी पिझ्झा मागवणाऱ्या पर्यटकांच्या पुढ्यात भाजीवाला पिझ्झा येतो.

पण एवढी सरमिसळ होऊनही पिझ्झा सगळीकडे आवडतोच कसा?

पहिलं कारण उमामी. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या सोबतीची ही पाचवी चव. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये ती ग्लुटामेटशी जोडून दाखवली. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं, मुरवलेल्या चीजमध्येही भरपूर असतं. दोन्ही एकत्र आले की जीभ खूश.

दुसरं कारण मोझरेला. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळी चीज पिझ्झ्यावर भाजून पाहिली. मोझरेला लवचिक असल्याने त्याचे मोठे बुडबुडे येतात, त्यांच्यावरून तेल ओघळतं, वरचा पापुद्रा कोरडा होतो आणि त्यावर ते तपकिरी डाग पडतात. चेडरला तेवढा ताण सोसत नाही. ग्रुयेरमधून इतकं तेल सुटतं की पाणी उडतच नाही. म्हणून नुसतं महागडं चीज घालून पिझ्झा चांगला होत नाही.

आता या खारट, तेलकट, उमामी थरावर काहीतरी असं हवं की जे तोंड साफ करेल. अननस नेमकं तेच करतो. आंबटपणा तेलकटपणा कापतो, गोडवा मीठ उठावदार करतो. कोकणात आणि गोव्यात अननसाचं सासव करतात, त्यात गूळ, मोहरी, मिरची आणि अननस एकत्र नांदतातच की. कापलेल्या अननसावर तिखट-मीठ तर आपण रस्त्यावर उभं राहून खातो. मग पिझ्झ्यावर आला की आपण इटलीची बाजू का घेतो, कोण जाणे. पनीर आणि मका टाकताना नेपल्सला कुणी विचारलं होतं? स्वीडनमध्ये केळं आणि करी पावडर घालतात, ब्राझीलमध्ये मटार, जपानमध्ये मेयोनीज.

खुद्द इटलीतही वातावरण थोडं हललंय. अमेरिकन डॉमिनोजला २०१५ मध्ये तिथे शिरून २०२२ मध्ये गाशा गुंडाळावा लागला, हे खरं. पण २०२४ च्या सुरुवातीला नेपल्सचा नावाजलेला पिझ्झावाला जिनो सोर्बिलो यानेच आपल्या मेन्यूवर अननसाचा पिझ्झा ठेवला, किंमत ७ युरो. लोकांनी सोशल मीडियावर त्याला धारेवर धरलं, टीव्हीवर चर्चा झाल्या. त्याचं म्हणणं साधं होतं: न चाखता नावं ठेवू नका.

चाखायचाच असेल तर एक काळजी घ्या. ताज्या अननसाला पाणी फार सुटतं आणि बेस गिचका होतो. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइमही असतं, ते प्रथिनं तोडतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते ती त्यामुळेच. डब्यातल्या अननसाला आधीच उष्णता दिलेली असते, त्यामुळे तो त्रास नसतो. ताजा वापरणार असाल तर फोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून, पाणी आटवून मगच ठेवा. आणि वरून हिरवी मिरची विसरू नका.