इस्त्रीवाला

बेंगळूरला नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाला कन्नड येत नसले, तरी कपड्यांच्या बाबतीत त्याचे फारसे अडत नाही. झाडाच्या सावलीत हातगाडी उभी असते, तीवर निखाऱ्यांनी तापवलेली जड इस्त्री फिरत असते, आणि त्या वस्तूला कन्नडातही 'इस्त्री' असेच म्हणतात.

हा शब्द दोन्ही भाषांत पाहुणा म्हणून आला. पोर्तुगीज भाषेतील 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, या क्रियापदाशी अभ्यासक त्याचे नाते जोडतात. मराठीने त्याला घरचाच करून घेतले. 'इस्त्री तापली' म्हणताना ती वस्तू असते, 'इस्त्री केली' म्हणताना क्रिया असते आणि 'इस्त्री मोडली' म्हणताना त्या क्रियेचे फळ असते. पुढे 'वाला' जोडला की झाला इस्त्रीवाला. काम करणारी बाई असेल तर इस्त्रीवाली.

मग 'परीट' हा जुना शब्द असताना नवा कशाला, असे कोणी विचारील. परीट म्हणजे मुख्यतः कपडे धुणारा. 'परीटघडी' हा सुरेख शब्द मराठीला त्याच्याच हातून मिळाला. परंतु परीट हे जातीचेही नाव आहे. कन्नडातील 'मडिवाळ' या शब्दाचेही तसेच आहे. 'मडि' म्हणजे धुतलेले, सोवळ्याचे वस्त्र. बेंगळूरची एक मोठी वस्ती याच नावाने ओळखली जाते. बाराव्या शतकातील शरण माचिदेव यांच्या नावामागेही 'मडिवाळ' लागते. ते शरणांची वस्त्रे धूत. आपल्याकडे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. या दोघांमुळे त्या शब्दांना तेज आले, हे खरेच.

तरीही हातगाडीवरचा माणूस कोणत्या घरी जन्मला, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. त्याला परीट म्हटले तर आपण त्याची जात ठरवून मोकळे होतो. इस्त्रीवाला म्हटले तर केवळ त्याचे काम सांगतो.

हे झाले त्याच्याविषयी बोलताना. त्याच्याशी बोलताना काय म्हणावे? बेंगळूरचे लोक 'अण्णा' म्हणतात. थोरल्या भावाला म्हणावयाचा हा शब्द आपल्याही घरांत नांदतो. तो वापरण्यास कन्नड शिकावे लागत नाही.