‘मला कोणता रंग शोभेल?’ : कलर ॲनालिसिसची वेबसाइट बनवताना नेमकं काय चुकतं?

रत्नागिरीच्या राम आळीत लग्नसराईच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसतं. हातात साडी किंवा ब्लाऊज पीस घेऊन एखादी बाई दुकानाच्या पायरीवर येते, कापड उजेडात धरते, मनगटाजवळ नेऊन बघते आणि आत जाऊन म्हणते, ‘हा नको, त्याच्या बाजूचा दाखवा.’ दुकानदारही काही बोलत नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, हे त्यालाही ठाऊक असतं. भौतिकशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. पायरीवरच्या बाईला हा शब्द माहीत नसतो, उपाय मात्र माहीत असतो.

हेच काम पद्धतशीर, फी घेऊन करणं म्हणजे पर्सनल कलर ॲनालिसिस. मेकअप उतरवायचा, केस पांढऱ्या कापडाने झाकायचे आणि खिडकीच्या उजेडात हनुवटीखाली एकेक रंगीत कापड धरत जायचं. कुठल्या रंगाने चेहरा ताजा दिसतो, कुठल्याने डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून दिसतात, हे बघायचं. दक्षिण कोरियात याचं मोठं वेड आहे. सोलला फिरायला जाणारे त्यासाठी आगाऊ वेळ घेतात. रील्समधून ते आपल्याकडेही आलं.

मारुती मंदिर परिसरात पार्लर चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीने हा कोर्स केला आणि मला फोन केला. ‘काय गो, इंजिनीअर ना तू? मग एक वेबसाइट करून दे मला.’ मी करून दिली. ती फसली. का फसली, हे शोधताना जे कळलं ते या लेखात आहे. ब्युटी पार्लर, बुटिक किंवा मेकअपचं काम करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

पहिली चूक : वेबसाइटलाच रंग सांगायला लावलं

मी हौसेने एक ‘सेल्फी टेस्ट’ बनवली. ग्राहकाने फोटो टाकायचा, कोडने गालावरच्या पिक्सेलचा सरासरी रंग काढायचा आणि उत्तर द्यायचं : तुम्ही ‘विंटर’, तुम्ही ‘ऑटम’. ताईने एकाच दुपारी स्वतःचे चार फोटो टाकले आणि तीन वेगवेगळी उत्तरं मिळवली. खिडकीजवळच्या फोटोत ती ‘समर’ होती, पिवळ्या बल्बखाली ‘ऑटम’. ‘माझ्यावर चालत नाही ते गिऱ्हाइकावर कसं चालेल?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण साधं आहे. फोनचा कॅमेरा दिसेल तो रंग जसाच्या तसा नोंदवत नाही. समोर कसला उजेड आहे याचा तो अंदाज बांधतो आणि त्यानुसार सगळा फोटो निळसर किंवा पिवळसर करतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. त्यावर बऱ्याच फोनचं ब्युटी मोड आपणहून त्वचा गुळगुळीत आणि गोरी करतं. मग तो फोटो बघणाऱ्याचा स्क्रीन येतो. कुणाच्या फोनवर ‘व्हिव्हिड’ सेटिंग असतं, कुणी डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळट ठेवलेला असतो. एवढ्या गाळण्यांतून आलेल्या रंगावर निदान करणं म्हणजे फोनवरून नाडी बघण्यासारखं आहे.

यंत्राचा त्वचेच्या रंगाबाबतचा इतिहासही फार चांगला नाही. जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तिथे प्रश्न सोपा होता. आपला तर त्वचेच्या आतल्या छटेचा आहे.

मी टेस्ट काढून टाकली. रंग सांगणं हे ताईचं काम, खिडकीतल्या उजेडातलं. वेबसाइटचं काम ग्राहकाला त्या खुर्चीपर्यंत आणणं, एवढंच. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की बाकीचे बरेचसे निर्णय आपोआप होतात.

‘समर’ म्हणजे मे महिना नव्हे

या पद्धतीचं मूळ थोडं समजून घेऊ, कारण ते पानावर काय लिहायचं याच्याशी जोडलेलं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलां विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर दिसलं की रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळ्याला काळा वेगळा दिसत होता. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडलं. शेजारचा रंग बदलला की मूळ रंग वेगळा भासतो, एवढा भाग पक्का आहे. हनुवटीखाली कापड धरल्यावर जे होतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पुढचं, म्हणजे माणसांना स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर अशा खोक्यांत बसवणं, हे मात्र विज्ञानापेक्षा अनुभवावर आणि बाजारावर उभं आहे. अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या १९८० च्या ‘कलर मी ब्युटिफुल’ या पुस्तकाने ते घराघरांत नेलं. निळे-हिरवे डोळे, सोनेरी-तांबूस केस असलेल्या समाजात ही खोकी ठीक वाटली असतील. आपल्याकडे जवळपास सगळ्यांचेच केस काळे आणि डोळे तपकिरी. त्या जुन्या पुस्तकी हिशेबाने बहुतेक आशियाई बायका सरसकट ‘विंटर’मध्ये जात. पुढे बारा प्रकारांची पद्धत आली, छटेबरोबर गडदपणा आणि कॉन्ट्रास्टही मोजला जाऊ लागला, तेव्हा थोडी सोय झाली.

त्यातून आमच्याकडे ऋतू सहा, आणि कोकणात विचाराल तर पाऊस आणि उकाडा हे दोनच. ‘तुम्ही समर आहात’ म्हटलं की रत्नागिरीची बाई घाम पुसते. या पद्धतीत समर म्हणजे थंड, मऊ, जरा विरलेले रंग, हे पानावर लिहिल्याशिवाय कळत नाही. ताईने ते साड्यांच्या भाषेत लिहिलं : लव्हेंडर, राखाडी निळा, फिका गुलाबी. ‘ऑटम’साठी हळदी, विटकरी, शेवाळी. आणि ‘टेस्ट’, ‘रिपोर्ट’ हे शब्द काढून ‘सल्ला’ लिहिलं. डॉक्टरी वाटेल अशी भाषा या कामात नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

पानाचा रंगच आड येतो तेव्हा

माझ्या पहिल्या वेबसाइटची पार्श्वभूमी गुलाबी होती. पार्लर म्हणजे गुलाबी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. शेव्रल वाचल्यावर स्वतःचंच हसू आलं. चेहऱ्याभोवती गुलाबी ठेवायचं आणि कुठला रंग शोभतो ते दाखवायचं! आता पान पांढरं आणि फिकट राखाडी आहे, रंग फक्त फोटोतल्या कापडांना. अक्षरं मात्र गडद. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं दिसायला ‘क्लासी’ वाटतात, पण उन्हात एसटी स्टँडवर उभं राहून वाचता येत नाहीत. वेबच्या सुलभतेचा मान्य निकष अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागतो, आणि तो तपासणारी साधनं फुकट मिळतात.

फोटोंचा विषय सगळ्यात महत्त्वाचा, कारण ग्राहक विश्वास ठेवतो तो फोटोवर. ‘आधी’च्या फोटोत ट्यूबलाइट आणि पडलेला चेहरा, ‘नंतर’च्या फोटोत रिंग लाइट, लिपस्टिक आणि हसू, ही लबाडी आता सगळ्यांना कळते. नियम एकच ठेवला : जागा तीच, वेळ तीच, चेहरा तसाच, बदलेल ते फक्त कापड. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लॉक करायचा, ब्युटी मोड बंद, आणि पहिल्या फोटोत एक राखाडी कार्ड धरायचं. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ इथे फायद्याचं ठरतं. त्या पसरलेल्या उजेडात चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत.

एक तांत्रिक खाच मला उशिरा सापडली. नवे आयफोन आणि काही अँड्रॉइड फोन ‘डिस्प्ले पी-थ्री’ या मोठ्या रंगकक्षेत फोटो काढतात. फाइल लहान करणारी बरीच साधनं फोटोतली रंगाची माहिती, म्हणजे कलर प्रोफाइल, पुसून टाकतात. मग ब्राउझर तो फोटो साध्या ‘एसआरजीबी’चा समजून दाखवतो आणि लालभडक शालू मरगळलेला दिसतो. म्हणून आधी फोटो एसआरजीबीमध्ये बदलायचा, नंतर लहान करायचा. लहान करणं टाळू मात्र नये. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो दीडशे केबीत नीट बसतो. गूगलच्या निकषाप्रमाणे पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, आणि संगमेश्वरच्या पुढे घाटाकडच्या गावांत नेटवर्कची काय अवस्था असते हे आपल्याला माहीत आहे.

‘गोरं दिसायला होईल का?’

पहिल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर हा प्रश्न सगळ्यात जास्त आला, असं ताई सांगते. खरी कसोटी इथेच आहे. हो म्हटलं तर ग्राहक लगेच येतो.

गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी ही यादी आपण स्थळांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं वाचली आहे. २०२० मध्ये शादी डॉट कॉमने टीकेनंतर त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला, त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेने तर २०१४ मध्येच त्वचेच्या रंगावरून कुणाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. तरी प्रश्न संपलेला नाही, फक्त क्रीमकडून साडीकडे सरकला आहे.

ताईने पानावर हा प्रश्न जसाच्या तसा घेतला आणि खाली उत्तर दिलं : ‘नाही. तुमचा रंग आहे तसाच राहील. त्याला काय शोभतं ते आपण बघू.’ मला वाटलं होतं, याने गिऱ्हाईक तुटेल. थोडं तुटलंही. पण सावळ्या मुलींच्या आया मुलींना घेऊन येऊ लागल्या. फोटोही तसेच निवडले. गूगलने २०२२ मध्ये खुली केलेली, समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी समोर ठेवली आणि पानावरचे सगळे चेहरे वरच्या चार छटांत गोळा होत नाहीत ना, ते पाहिलं. पहिल्या वेळी झाले होते.

शोधणारी काय टाइप करते?

‘पर्सनल कलर ॲनालिसिस’ असं इथे फार कुणी शोधत नाही. ‘सावळ्या रंगाला कोणती साडी’, ‘ब्रायडल मेकअप रत्नागिरी’ असं शोधतात. पानाची शीर्षकं त्याच शब्दांत हवीत, आणि अक्षरं युनिकोडमध्ये. फ्लेक्सवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये बनवलेला मजकूर जेपीजी म्हणून चिकटवला तर गूगलला तो नीट वाचता येईल याचा भरवसा नसतो. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. स्थानिक निकालात विषयाशी जुळणं, अंतर आणि ओळख या तीन गोष्टी बघतो असं गूगल स्वतःच सांगतं. त्यामुळे पत्ता, वेळा आणि खरे अभिप्राय नीट भरलेले हवेत. आणि फी लिहा. ‘किंमत इनबॉक्स करा’ वाचून मी स्वतः पान बंद करते.

फॉर्ममध्ये नाव, फोन, तारीख, बस्स. फोटो मागायचाच नाही. ग्राहकाचा चेहरा वेबसाइटवर वापरायचा तर वेगळी लेखी संमती घ्यायची, आणि ती मागे घेणं तितकंच सोपं ठेवायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सूर हाच आहे. अठराखालील मुलींसाठी त्यात पालकांची संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

आता ताईकडे निम्म्या चौकश्या मुंबईहून येतात, गणपतीला गावी येणाऱ्यांच्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची खरेदी त्याच सुट्टीत उरकायची असते. त्यांच्यासाठी पानाच्या वरच एक ओळ टाकली आहे : ‘सल्ल्याची वेळ सकाळी १० ते दुपारी ४. त्यानंतर उजेड पुरत नाही.’ संध्याकाळची वेळ मागणारे दोघे-तिघे त्यावरून भांडले. ताईने त्यांना दुसऱ्या दिवशीची सकाळ दिली.