गिळायला शिकवणाऱ्यांचं शिकणं

पक्षाघाताच्या झटक्यातून पेशंट सावरतो, माणसं ओळखू लागतो आणि पहिल्यांदा मागतो ते पाणी. उशाशी बसलेली सून चमच्याने दोन घोट पाजते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. पुष्कळदा ठसकाही लागत नाही. पाणी मुकाट्याने श्वासनलिकेत उतरतं. दोन-चार दिवसांत ताप चढतो, छाती घरघरू लागते आणि केसपेपरवर न्यूमोनिया लिहिला जातो. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायचा त्रास होतो. तो वेळीच ओळखणं आणि पेशंटला पुन्हा सुखरूप जेवतं करणं हे काम स्पीच थेरपिस्टचं. बहुतेक कुटुंबांना हे ठाऊकच नसतं. स्पीच थेरपी म्हणजे मुलांचं तोतरेपण घालवणं, एवढीच आपली समजूत.

बोलायला लागणारे ओठ, जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र हेच अवयव गिळायलाही लागतात, म्हणून हे दोन्ही उपचार एकाच माणसाकडे आले. घास चावून मागे सरकवणं आपल्या हातात असतं. पुढचं सेकंदभराचं काम मेंदू परस्पर उरकतो. टाळू नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गाडी येण्याआधी सांधेवाल्याने रूळ बदलावेत तसं हे घडतं. पक्षाघात, पार्किन्सन, डोक्याला मार, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग यांपैकी काहीही झालं की ही वेळ चुकू शकते.

हैदराबादेत असे पेशंट चहूकडून येतात. पंजागुट्ट्याचं निम्स, रेड हिल्सचं एमएनजे कर्करोग रुग्णालय, बंजारा हिल्सचं बसवतारकम ही नावं नांदेड-देगलूरकडच्या घरांतही परिचयाची आहेत. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. दवाखान्यासाठी हैदराबाद गाठायची सवय अजून मोडलेली नाही.

या विद्येशीही शहराचा जुना संबंध आहे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले हैदराबादचे अली यावर जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि 1976 मध्ये त्या पदावर असतानाच वारले. त्यांच्या नावाची वाचा व श्रवण संस्था 1983 मध्ये मुंबईत वांद्र्याला उभी राहिली. तिचं दक्षिण विभागीय केंद्र सिकंदराबादच्या मनोविकासनगरात आहे.

पदवी पुरत नाही

श्रवण आणि वाचा या विषयांची पदवी चार वर्षांची असते, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या अवधीत श्रवण चाचण्या, श्रवणयंत्रं, मुलांची भाषा, तोतरेपण, दुभंगलेली टाळू असं पुष्कळ काही शिकायचं असतं. प्रौढांच्या गिळण्याच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. शिवाय कायद्याने पुढचं शिक्षणही बांधून दिलं आहे. 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमांतून मिळवलेले 100 गुण दाखवावे लागतात. या व्यवस्थेला सगळे 'सीआरई' म्हणतात.

नियम चांगला आहे. पण सभागृहात दिवसभर बसून स्लाइड पाहिल्या तरी गुण मिळतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर घोट कुठे चुकला हे ओळखायला शिकलं तरी मिळतात. पेशंटच्या दृष्टीने या दोन शिक्षणांत जीवन-मरणाचं अंतर आहे.

कारण या क्षेत्रातलं ज्ञान झपाट्याने बदलतं. जेरी लोगमन यांच्या 1983 च्या पुस्तकाने गिळण्याच्या उपचाराला शास्त्राची शिस्त लावली. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेचं चलचित्र घ्यायचं, चूक नेमकी कोणत्या क्षणी होते ते पाहायचं आणि त्यावरून व्यायाम ठरवायचा. 1988 मध्ये सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून थेट घसा पाहायची पद्धत मांडली. ठसका न लागता घोट श्वासनलिकेत उतरण्याचा, बाहेरून न कळणारा मुका प्रकार दिसतो तो या दोन तपासण्यांतच.

मग रूढ समजुतींनाही धक्के बसले. पातळ चुकीच्या वाटेने जातं, तेव्हा सगळं घट्ट करून द्या, हा सरधोपट सल्ला होता. 2008 मध्ये पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाच्या पाचशेहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हनुवटी खाली घेऊन पातळ पिणाऱ्यांत आणि घट्ट पिणाऱ्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. उलट घट्ट पेय कंटाळवाणं, म्हणून माणसं कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं. त्याच्याही आधी, 1998 मध्ये, लँगमोर यांच्या अभ्यासाने तिसऱ्याच गोष्टींकडे लक्ष वेधलं होतं: दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावं लागणं, किडलेले दात, तोंडाची अस्वच्छता. श्वासनलिकेत गेलेल्या घोटाबरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात. म्हणजे दात घासणं हाही उपचारच. कर्करोगातही तसंच. रेडिएशन चालू असताना घशाला आराम द्यायचा, असं पूर्वी वाटायचं. आता त्या काळातही जमेल तेवढं गिळत राहायला आणि व्यायाम करायला सांगतात, नाहीतर स्नायू आखडतात. 1995 च्या पदवीवर आज काम करणाऱ्याला हे कुणी सांगायचं?

सिरिंज आणि आंबील

पेय किती घट्ट, हे ठरवायला 2015 पासून आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे: शून्य ते सात पायऱ्या. तपासणी साधी. दहा मिलीची ठरावीक मापाची सिरिंज, टोकावर बोट ठेवून पेय भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंद थांबायचं. एक मिलीहून कमी उरलं तर पातळ, पायरी शून्य. एक ते चार उरलं तर पायरी एक, चार ते आठ उरलं तर दोन, आठहून जास्त उरलं तर तीन. काहीच गळलं नाही तर चार, आणि ते चमच्यानेच द्यायचं.

आता यात नाचणीची आंबील, तेलंगणातली रागी जावा, भरून पाहा. गरम असताना ती भराभर गळते. निवली की तीच आंबील सिरिंजमध्ये धरून राहते. म्हणून पेशंट ज्या उष्णतेला पिणार त्याच उष्णतेला मापायची. मक्याच्या पिठाने घट्ट केलेलं पेय लाळेमुळे तोंडात पातळ होऊ लागतं. झँथन गमने केलेलं टिकतं. इराणी चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्कीट मऊ दिसतं, पण त्यातला चहा लगदा गिळायच्या आधीच घशात उतरतो. पातळ वरण घातलेल्या भाताचं तेच, आणि बिर्याणीचं सुटं शीत तोंडात गोळा करणंच अवघड. नीट घोटलेला दहीभात मात्र एकजीव राहतो. परदेशी पुस्तकांत दही-भात-वरण नसतं. ते इथल्या थेरपिस्टनेच इथल्या वर्गात मापायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं, की गिळण्याच्या विकारांवरच्या सीआरई कार्यक्रमांत निम्मा वेळ तरी हाताने करायच्या कामाला असावा. खऱ्या तपासण्यांची चलचित्रं पाहून आधी स्वतः निदान लिहायचं, मग अनुभवी माणसाकडून तपासून घ्यायचं. सिरिंज घेऊन स्थानिक पदार्थ मापायचे. तेलुगू, दखनी आणि मराठीत नातेवाइकांना भरवण्याची रीत समजावून सांगायचा सराव करायचा, कारण दिवसातून चार वेळा भरवणारी व्यक्ती घरची असते. जिल्ह्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्याला अवघड पेशंटबद्दल ज्येष्ठांशी बोलता यावं, आणि त्या चर्चेलाही गुण मिळावेत. रुग्णालयांनीही सुट्टी आणि शुल्क द्यावं. आज बरेच थेरपिस्ट हा खर्च पदरचा करतात.

वाचकांच्या हातातही काही आहे. घरातल्या माणसाला पक्षाघात झाला तर पहिला घोट देण्याआधी डॉक्टरांना विचारा: गिळण्याची तपासणी झाली का, कुणी केली? नाकातली नळी काढताना, घरी सोडतानाही पुन्हा विचारा. भरवताना पेशंटला ताठ बसवा, घास लहान द्या, आधीचा उतरल्याशिवाय पुढचा देऊ नका, जेवणानंतर तोंड स्वच्छ करा. हा प्रश्न दर वॉर्डात, दर कुटुंबाने विचारला, तर उत्तर देऊ शकणारी माणसं तयार करणं रुग्णालयांना भाग पडेल.