भरलेले मॅगझिन आणि ‘मेलेली’ स्प्रिंग

‘मॅगझिन भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते.’ गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्यापासून आलापल्लीपर्यंत परवान्याचे जुने पिस्तूल बाळगणारा असो की पोलीस खात्यातला जवान, हा सल्ला त्याला कोणी ना कोणी दिलेला असतोच. तोच सल्लागार नवे, कडक मॅगझिन हातात आले की म्हणतो, ‘चार दिवस गच्च भरून ठेव, आपोआप सैल पडेल.’ पहिल्या सल्ल्यात स्प्रिंगला आराम द्यायचा, दुसऱ्यात तिला दमवायचे. मुळाशी समज एकच, की दाबून ठेवलेली स्प्रिंग माणसासारखी थकते. ती तशी थकत नाही. पण या समजापायी लोक चांगली मॅगझिने कापून, घासून, वाकवून भंगारात घालतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

आपल्या भागात परवान्याची हत्यारे म्हणजे मुख्यतः शेतरक्षणाच्या एकनळी-दुनळी बंदुका. पिस्तुले कमी, आणि आहेत ती बहुतेक वाडवडिलांची. 9 एमएम बोअर नागरिकांना सहसा मिळत नाही आणि 1980च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी पिस्तुलांची खासगी आयात जवळजवळ थांबली. त्यामुळे .32 बोअरची वेब्ली-स्कॉट, कोल्ट, ब्राउनिंग, वॉल्थर अशी पिस्तुले एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली. पिस्तूल टिकते, मूळ मॅगझिन मात्र गंजते किंवा हरवते. मग नवे आणले जाते, पाचव्या-सहाव्या राउंडला अंगठा दुखू लागतो आणि सल्ले सुरू होतात.

स्प्रिंगचे शास्त्र फार अवघड नाही. स्प्रिंग जितकी दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट रेटा देते, हे रॉबर्ट हूकने 1678 मध्येच छापून ठेवले आहे. मॅगझिनची स्प्रिंग बहुधा उच्च कार्बनच्या, थंड ओढलेल्या पोलादी तारेची असते. अशा तारेसाठी आपल्याकडे आयएस 4454 हे भारतीय मानक आहे. लवचीकतेच्या मर्यादेत दाबलेली तार दाब काढल्यावर पूर्ववत होते, मग तो दाब मिनिटभर असो वा वर्षभर. तारेला थकवा येतो तो हालचालीने. दाब-सोड, दाब-सोड अशी हजारो आवर्तने झाली की एखाद्या बारीक ओरखड्यातून तडा सुरू होतो. नुसत्या दाबून ठेवलेल्या स्प्रिंगमध्ये आवर्तनच नसते. चार सिलिंडरच्या जीपचे उदाहरण घ्या. इंजिन कुठेही थांबवा, एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि त्याची स्प्रिंग दाबलेली राहते. जीप वर्ष-दोन वर्षे अंगणात उभी राहिली म्हणून ती व्हॉल्व्ह-स्प्रिंग बदलायला कोणी धावत नाही.

म्हणजे रोज रात्री राउंड काढून सकाळी पुन्हा भरणारा माणूस स्प्रिंगला आराम देत नसतो. तो तिची आवर्तनेच वाढवत असतो.

या समजात तथ्याचा एक अंश आहे आणि तो लपवून चालणार नाही. नवी स्प्रिंग पहिल्या काही दाबांत किंचित ‘बसते’, तिची मोकळी लांबी थोडी कमी होते आणि तिथेच थांबते. चांगला कारखानदार ती विकण्यापूर्वीच पूर्ण दाबून बसवून घेतो. ए. एम. वॉल यांच्या ‘मेकॅनिकल स्प्रिंग्ज’ या 1944च्या ग्रंथात ही प्रक्रिया तपशिलाने आली आहे आणि शंका असेल त्याने ती तिथे पाहावी. स्वस्त मॅगझिनवाला हे टाळतो, आणि मग हे बसणे तुमच्या हातात होते. त्यासाठी चार दिवस गच्च भरून ठेवावे लागत नाही, पाच-दहा वेळा पूर्ण भरून रिकामे केले की पुरते. दुसरे, तार मर्यादेच्या अगदी काठावर दाबली जात असेल, म्हणजे आखूड खोक्यात जास्त राउंड कोंबणारे मॅगझिन असेल, तर दीर्घकाळात रेटा थोडा घटतो. उष्णतेनेही घटतो, पण साध्या कार्बन तारेला सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत काळजी नसते. चंद्रपूरचा मे महिना कितीही बदनाम असला, तरी तो तिथवर जात नाही.

खरा संताप येतो तो वेढे कापणाऱ्यांचा. ‘कडक आहे ना? दीड वेढा उडवून टाक.’ अहो, वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग मऊ होत नाही. दर मिलिमीटरमागे तिचा रेटा उलट वाढतो. कमी होतो तो मॅगझिन रिकामे होत आलेले असतानाचा दाब, आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाऊन पुढे येते ती सेकंदाच्या लहानशा अंशात, आणि तेवढ्यात पुढचे काडतूस मॅगझिनच्या तोंडाशी असलेल्या ओठांपर्यंत चढायला हवे. शेवटच्या राउंडच्या वेळी स्प्रिंग सर्वांत मोकळी, म्हणून सर्वांत दुबळी असते. कापलेली स्प्रिंग इथे मागे पडते, स्लाइड काडतुसावरून निघून जाते आणि हत्यार अडकते. शेवटचे एक-दोन राउंड अडत असतील तर स्प्रिंगवर संशय घ्या. भरगच्च मॅगझिनचा पहिलाच राउंड अडत असेल तर घर्षण किंवा मापाचा दोष आधी शोधा.

कारण कडकपणाचे खापर स्प्रिंगवर फुटते, पण दोष पुष्कळदा दुसरीकडेच असतो. पिस्तूल बाजूला ठेवा, मॅगझिन रिकामे असल्याची खात्री करा आणि फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या माथ्यावरची काडतुसे उचलणारी पट्टी, बोटाने खाली दाबून पाहा. तो सरळ उतरतो की एका बाजूला कलतो? मध्येच खरखरतो का? नव्या पत्र्याच्या आतल्या कडेला राहिलेली बारीक धार किंवा कारखान्यातले गोठलेले ग्रीस अंगठ्याला स्प्रिंगइतकेच कडक लागते. चिंधीने आतून स्वच्छ पुसल्यावर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

.32मध्ये आणखी एक खोड आहे. जॉन ब्राउनिंगच्या या काडतुसाची मागची कडा त्याच्या अंगापेक्षा जराशी बाहेर असते. वरच्या राउंडची कडा खालच्या राउंडच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि कितीही दाबा, हलत नाहीत. मॅगझिन मूळ मापापेक्षा किंचित लांब असेल किंवा आखूड टोकाची काडतुसे वापरली असतील, तर हे अधिक होते. भरताना प्रत्येक राउंड खालच्याच्या पुढे बसला का, हे पाहायचे. तरीही अडत असेल तर मॅगझिन त्या पिस्तुलाचे नाही, हे मान्य करायचे.

खात्यातली तक्रार वेगळी असते. ईशापूरचे 9 एमएम 1ए पिस्तूल, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरचाच अवतार, बटण दाबल्यावर मॅगझिन टपकन सोडत नाही. त्यात मॅगझिन काढल्यावर ट्रिगर निकामी करणारी सुरक्षा-कळ आहे आणि ती मॅगझिनच्या पुढच्या अंगावर रेटून बसते. ही रचना आहे, दोष नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. ‘भरपूर तेल सोडा’: तेलावर धूळ बसते आणि ते काडतुसाच्या कॅपमध्ये शिरू शकते, आतून मॅगझिन जवळजवळ कोरडेच हवे. ‘ओठ जरा फाकवा, सोपे जाईल’: ओठांवर काडतुसाचा कोन ठरतो, ते वाकले की मॅगझिन संपले. ‘एक राउंड कमी भरला तर स्प्रिंग टिकते’: टिकण्याशी संबंध फारसा नाही, पण बंद स्लाइडखाली भरगच्च मॅगझिन नीट बसत नसेल तर तेवढ्यापुरते ते उपयोगी आहे.

स्प्रिंगला खरोखर मारतो तो गंज. आपल्याकडे पावसात घराच्या भिंतीही ओल्या असतात आणि लोक मॅगझिन चामड्याच्या म्यानातच ठेवतात. चामडे ओल धरते. तारेवर गंजाची टाचणीच्या टोकाएवढी खळगी पडली की तडा तिथूनच सुरू होतो. जून ते ऑक्टोबर मॅगझिन चामड्याबाहेर, कोरड्या कपड्यात, कुलपात ठेवा, आणि पंधरवड्याला तळपट्टी काढून तारेवर तांबूस डाग आहे का ते बघा. डाग दिसला तर स्प्रिंग बदला. ती आणि मॅगझिनही परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचे. 1959च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्याच व्याख्येत येतात आणि कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. वेल्डिंगच्या दुकानात मॅगझिन घासून आणणारा माणूस मॅगझिनही घालवतो आणि परवानाही धोक्यात घालतो.