फोटोतली चकाकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिंतीवरच्या जुन्या फोटोचा मोबाइलने फोटो काढला, की काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा हमखास उमटतो. ‘नंतर एडिट करू’ म्हणून आपण पुढे जातो. फसगत होते ती इथेच.

गैरसमज: चकाकी कमी केली की खालचा चेहरा दिसू लागतो.
वस्तुस्थिती: नेहमीच्या जेपीईजी फोटोत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद प्रत्येकी ० ते २५५ या आकड्यांत होते. तिन्ही आकडे २५५ला टेकले, की तिथे नुसता पांढरा रंग उरतो. मग ‘हायलाइट्स’ कितीही कमी करा, पांढऱ्याचा राखाडी होईल. नाक-डोळे उमटणार नाहीत. रॉ फाइलमध्ये थोडा जास्त वाव असतो, पण सेन्सरची मर्यादाच ओलांडली गेली असेल तर तिथेही इलाज नाही.

गैरसमज: एआयने चकाकी पुसली, म्हणजे मूळ फोटो परत मिळाला.
वस्तुस्थिती: एआय आजूबाजूचा भाग पाहून रिकामी जागा अंदाजाने भरते. मागच्या भिंतीपुरते ते चालून जाते. पण पट्टा पणजीच्या चेहऱ्यावर असेल, तर तयार होणारी नथ आणि हनुवटी तिची नसते.

गैरसमज: पोलरायझर फिल्टर लावला की कुठलीही चकाकी जाते.
वस्तुस्थिती: हा फिल्टर काच आणि पाण्यावरून तिरप्या येणाऱ्या प्रतिबिंबांवर चालतो. काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून कॅमेरा सुमारे ५६ अंश तिरका असताना तो सर्वाधिक प्रभावी ठरतो. अगदी समोरून फारसा फरक पडत नाही. पितळी समईसारख्या उघड्या धातूच्या चकाकीवरही त्याची मात्रा फारशी चालत नाही.

गैरसमज: चकाकी म्हणजे दोषच.
वस्तुस्थिती: डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पुसला तर चेहरा निर्जीव दिसतो, पैठणीच्या जरीवरची झळाळी घालवली तर जर मळकट वाटते.

खरा उपाय फोटो काढतानाच करायचा असतो. फ्लॅश आणि समोरचा दिवा बंद करा, उजेड बाजूने येऊ द्या, मोबाइलच्या मागे काळे कापड धरा. शक्य असेल तर फोटो फ्रेमबाहेर काढा. काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. तेव्हा दोन-तीन कोनांतून फोटो घ्या. प्रत्येक कोनात चकाकी जागा बदलते, त्यामुळे एकात झाकलेला भाग दुसऱ्यात स्वच्छ मिळतो आणि ते भाग जोडता येतात.

एआयने दुरुस्त केलेली प्रत ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण तसा उल्लेख करा आणि मूळ प्रत कधीही पुसू नका.