एल, इंग्लिश
बार्लीच्या माल्टपासून (मोड आणून वाळविलेल्या धान्यापासून) उबदार तापमानास किण्वन करून तयार होणारा बिअरचा एक प्रकार. लागर बिअरचे किण्वन थंड स्थितीत व दीर्घकाळ चालते. एलचे किण्वन सु. १८° ते २२° से. तापमानास काही दिवसांतच पुरे होते आणि त्या वेळी यीस्ट द्रवाच्या पृष्ठभागावर जमते. या उबदार किण्वनात एस्टरे अधिक निर्माण होत असल्याने एलला फळांसारखा सौम्य गंध येतो. पूर्वी इंग्लंडमध्ये हॉप न घातलेल्या पेयासच एल म्हणत. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप घातलेली बिअर तेथे येऊ लागली व कालांतराने एलमध्येही हॉप वापरण्याची प्रथा रूढ झाली.

माल्टप्रधान प्रकार : माइल्ड, ब्राउन एल, ओल्ड एल व काही प्रमाणात बिटर या प्रकारांत हॉपच्या कडवटपणापेक्षा माल्टची चव वरचढ असते. याउलट अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातील ब्रिटिशांसाठी जहाजांतून पाठविण्यात येणाऱ्या व पुढे ‘इंडिया पेल एल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रकारात हॉपचे प्रमाण अधिक असे. माल्टची चव धान्य भाजण्याच्या रीतीवर अवलंबून असते. फिकट माल्टमुळे बिस्किटासारखी चव येते. ओलसर मोडाचे धान्य तापवून त्यातील स्टार्चाची आतल्या आतच साखर बनविली व मग ते भाजले, म्हणजे ‘क्रिस्टल माल्ट’ मिळतो. त्यामुळे टॉफी, काकवी किंवा मनुका यांची आठवण करून देणारी चव व तांबूस रंग येतो. फगल आणि गोल्डिंग या इंग्लिश हॉपांचा मातकट व फुलांसारखा गंध या गोडव्यास तोल देतो.

आस्वादन : पारंपरिक एल पिपातच दुसऱ्यांदा मंदपणे किण्वित होते व गाळून न घेता तशीच वाढली जाते. ती सु. ११° ते १३° से. तापमानास द्यावी, असा संकेत आहे; त्याहून थंड केल्यास माल्टचा गंध दबतो. परीक्षक प्रथम रंग, स्वच्छता व फेस पाहतो. गंध लवकर उडून जात असल्याने त्यानंतर लगेच पेला नाकाजवळ धरतो. मग घोट जिभेवर फिरवून गोडी, कडवटपणा व दाटपणा यांचा अंदाज घेतो. मद्यपरीक्षक द्राक्षमद्य बहुधा थुंकून टाकतात. बिअर मात्र सामान्यतः गिळतात, कारण शेवटी रेंगाळणारी चव मूल्यमापनात महत्त्वाची असते. चांगल्या माल्टप्रधान एलमध्ये आरंभीचा गोडवा शेवटी कोरडेपणात विरून जातो; तो तोंडात चिकटून राहिल्यास दुसरा पेला घ्यावासा वाटत नाही.

गुणांकन : अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर-परीक्षक प्रमाणन योजनेत एकूण ५० गुण असून त्यांपैकी गंधास १२, रूपास ३, चवीस २०, मुखस्पर्शास ५ व एकूण परिणामास १० गुण असतात. प्रत्येक नमुना त्याच्या स्वतःच्या प्रकाराशी ताडून पाहिला जातो. हा नियम माल्टप्रधान एलच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. कारण तीव्र हॉपच्या किंवा अधिक मद्यार्काच्या नमुन्यांशेजारी सौम्य माइल्ड सहज फिकी वाटते. नमुन्याची ओळख परीक्षकांपासून लपवून ठेवतात. दोन पेये खरोखर भिन्न आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी तीन पेले देऊन त्यांतील वेगळा ओळखण्यास सांगतात.

दोष : लोण्यासारखा वास डायअॅसिटिलामुळे येतो; काही इंग्लिश एलमध्ये तो अत्यल्प प्रमाणात क्षम्य मानतात. हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या किण्वनाचा, शिजविलेल्या मक्याचा वास डायमिथिल सल्फाइडाचा, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिडीकरणाचा निदर्शक असतो. सूर्यप्रकाशाने हॉपमधील घटकांचे विघटन होऊन दुर्गंध येतो, म्हणून बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. पीप उघडल्यावर हवा आत शिरते व सु. तीन दिवसांनंतर एल शिळी, पुढे आंबटही लागू लागते. म्हणजे पेल्यातील दोष कारखान्याचाच असेल असे नाही. तो तळघराच्या देखभालीचाही असू शकतो. ब्रिटनमधील ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ (स्थापना १९७१) या ग्राहकसंघटनेची ० ते ५ गुणांची पद्धती म्हणूनच पबमध्ये प्रत्यक्ष मिळालेल्या पेयाची स्थिती मोजते.

लहान कारखाने : मोठ्या कारखान्यांत प्रयोगशाळा असते, लहान कारखान्याची भिस्त बव्हंशी चाखणाऱ्याच्या जिभेवर असते. एका पेल्यावरून दिलेला निकाल अशा कारखान्यास अधिक जाचक ठरतो. पीटर ऑस्टिन यांनी १९७८ मध्ये हँपशरमधील रिंगवुड येथे काढलेला कारखाना या चळवळीत अग्रेसर होता. १९८० मध्ये लहान उत्पादकांची संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या ‘ओल्ड थंपर’ या माल्टप्रधान कडक एलला १९८८ मध्ये ब्रिटनमधील सर्वोत्कृष्ट बिअरचा मान मिळाला. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने लहान उत्पादकांना बिअरकरात सवलत दिली व अशा कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०२३ मध्ये या सवलतीची पुनर्रचना झाली. रिंगवुडचा कारखाना २००७ मध्ये मार्स्टन्स या मोठ्या कंपनीने घेतला आणि तो बंद करण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला. परीक्षकांनी दिलेला सर्वोच्च मान कारखान्याच्या अस्तित्वाची हमी देत नाही, हे यावरून दिसते.