टेकडी शहराची, सात-बारा शेतकऱ्याचा

पुणे शहराभोवतीच्या टेकड्यांवर घरे बांधू द्यावीत की नाहीत, हा वाद दोन दशकांहून अधिक काळ धुमसत आहे. दर वेळी तो पर्यावरणवादी विरुद्ध बांधकाम व्यावसायिक अशा सरळ सामन्याच्या रूपात मांडला जातो आणि तिथेच त्याचे खरे स्वरूप झाकले जाते. टेकड्या राखायच्या की नाहीत, यापेक्षा त्या राखण्याची किंमत कोणी मोजायची, हा या वादाचा खरा गाभा आहे.

1997 मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि फेररचनेनंतर 23 गावे शहरात कायम राहिली. त्यांच्या विकास आराखड्यात बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, धनकवडी, कात्रज, कोंढवा आदी परिसरांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजेच 'बीडीपी'चे आरक्षण सुचवण्यात आले. हे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर, म्हणजे जवळपास 2,400 एकर आहे. महापालिकेने 2005 मध्ये हा प्रस्ताव शासनाकडे धाडला. आराखड्याच्या इतर भागांना टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळत गेली. टेकड्यांचा निर्णय मात्र 2015 च्या ऑगस्टपर्यंत लांबला. त्या वर्षी राज्य शासनाने आरक्षण कायम केले.

चार टक्क्यांचे गणित

आरक्षणाला पर्याय म्हणून टेकड्यांवर चार टक्के बांधकामाची मुभा द्यावी, असा आग्रह वारंवार धरला गेला. शहाण्णव टक्के जमीन मोकळी राहणार असेल, तर बिघडले कोठे, असा हा युक्तिवाद. वरवर पाहता तो वाजवी वाटतो. पण एका एकराचे म्हणजे चाळीस गुंठ्यांचे चार टक्के काढले, तर सुमारे 1,740 चौरस फूट होतात. म्हणजे एकराला एक ऐसपैस बंगला. या बंगल्यापर्यंत मोटार जायची तर उतार कापून वळणावळणाचा रस्ता हवा. रस्त्यामागे जलवाहिनी, मैलावाहिनी, विजेचे खांब, संरक्षक भिंती आणि कुंपणे ओघाने आलीच. चार टक्क्यांच्या हिशेबात यांपैकी बहुतेक गोष्टी दिसत नाहीत. टेकडीवर मात्र त्या पावलोपावली दिसतात. शिवाय कुंपणामागची शहाण्णव टक्के जागा कागदावर मोकळी राहिली, तरी ती शहराला खुली राहत नाही.

उतारावरचे पाणी

टेकड्यांचे महत्त्व सकाळच्या फेरफटक्यापुरते नाही. पुण्याच्या टेकड्या बसाल्ट खडकाच्या आहेत. त्यांच्यावरील मातीचा थर पातळ, पण गवत आणि झुडपे त्याला धरून ठेवतात. पावसाचे पाणी या थरात आणि खडकाच्या भेगांत काही प्रमाणात मुरते आणि उरलेले ओढ्यांना मिळते. उतार कापला, गवत निघाले, सिमेंट आले की मुरणारे पाणीही धावू लागते. पेशवेकाळात कात्रजला तलाव बांधून शहराला पाणी पुरवण्यात आले, ते या डोंगरांच्या भरवशावर. त्याच बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री काठावरच्या वस्त्यांत हाहाकार माजवला. त्या पुरामागे अतिवृष्टी होती, ओढ्यातील अतिक्रमणेही होती. एकट्या टेकडीफोडीवर त्याचे खापर फोडता येणार नाही. तथापि, जून 2013 मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडी येथे जे घडले, त्याने या प्रश्नाची दाहकता उघड केली. तेथे डोंगर फोडल्याने पाण्याची वाट बदलली, लोंढा महामार्गावर आला आणि मोटारीतून निघालेली एक महिला व तिची लहानगी मुलगी वाहून गेली. ते ठिकाण महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. पाणी मात्र हद्द पाहून वाहत नाही.

जागामालकाची बाजू

हे सारे मान्य केले, तरी दुसरी बाजू उरतेच. आरक्षणाखालील जमिनीचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. त्यांत पिढीजात शेतकरी आहेत, तसेच नंतर जमीन घेतलेले गुंतवणूकदारही आहेत. टेकडीच्या पायथ्याची जमीन कोट्यवधींना विकली जाते. तिला लागूनच असलेल्या उताराचा मालक मात्र सात-बारा हाती घेऊन वर्षानुवर्षे ताटकळतो. येथे 'विभाग' आणि 'आरक्षण' यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. एखादी जमीन हरित विभागात टाकली, तर तिच्या वापरावर निर्बंध येतात, पण मालकी कायम राहते आणि शासनाला ती विकत घ्यावी लागत नाही. सार्वजनिक उद्यानासाठी आरक्षण टाकले, तर मोबदला देऊन जमीन ताब्यात घेण्याची जबाबदारी येते.

2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख मोबदला द्यायचा, तर ती रक्कम महापालिकेच्या आवाक्याबाहेरची ठरते. म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे 'टीडीआर'चा मार्ग पुढे आला. त्याचे प्रमाण आठ टक्के ठरवण्यात आले. एकरामागे सुमारे 3,500 चौरस फुटांचा हा हक्क. एरवी आरक्षणाखाली गेलेल्या जमिनीला तिच्या क्षेत्रफळाइतका किंवा त्याहून अधिक हक्क मिळत असताना हा आकडा जागामालकांना तुटपुंजा वाटला, यात नवल नाही. दुसरीकडे, मुळात बांधकामाला अयोग्य असलेल्या उताराला सपाट जमिनीचा भाव का द्यावा, हा नियोजनकारांचा सवालही गैरलागू नाही. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामास नियमाने मनाई आहेच.

कागदावरचे रक्षण

या ओढाताणीत टेकड्या जशाच्या तशा राहिल्या असत्या, तर विलंब परवडला असता. पण मोबदला मिळत नाही आणि बांधताही येत नाही, अशी जमीन फार काळ रिकामी राहत नाही. ती गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. शहरात घर न परवडणारे कुटुंब आयुष्यभराची पुंजी घालून नोटरीच्या कागदावर अशी जागा घेते. आधी पत्र्याची खोली, मग पक्क्या भिंती, मग वीज. काही वर्षांत वस्ती उभी राहते आणि तिला हटवणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. परवानगीने होणारे चार टक्के टळतात आणि बेकायदा चाळीस टक्क्यांची वाट मोकळी होते.

त्यात कालमर्यादेचा प्रश्न आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. 2015 चा निर्णय धरला, तर ही दहा वर्षे 2025 मध्ये पूर्ण झाली. म्हणजेच केवळ स्वस्थ बसूनही टेकड्या गमावता येतात.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे महापालिकेत आली. सूस, नांदोशी, मांगडेवाडी, भिलारेवाडी या गावांबरोबर नव्या टेकड्याही शहराच्या पदरी आल्या आहेत. जुन्या टेकड्यांबाबत जो तोडगा निघेल, तोच पुढे या टेकड्यांचे भवितव्य ठरवील. मोबदल्याचे प्रमाण वाढवावे, सर्वाधिक संवेदनशील उतार आणि ओढ्यांची उगमस्थाने आधी ताब्यात घ्यावीत, त्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी राखीव तरतूद करावी, हे मार्ग खर्चीक आहेत. पण ते उपलब्ध आहेत. टेकडीची हवा, सावली आणि पाणी साऱ्या शहराने घ्यायचे आणि त्याची किंमत मात्र मोजक्या सात-बारांवर टाकायची, ही व्यवस्था न्याय्य नाही आणि टिकाऊ तर मुळीच नाही.